चाकांच्या खुर्चीतली सर्जन

पाठीचा कणा दुखावून कमरेखालचं शरीर निकामी झालेली एक तरुण डॉक्टर पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये गेली ती टेबलावर झोपण्यासाठी नव्हे, तर हातात सुरी धरण्यासाठी! डॉ. मेरी वर्गीस यांच्या श्रद्धेची, शिक्षणाची आणि परदेशातून परत येण्याची ही गोष्ट.

३० जानेवारी १९५४. शनिवार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले काही तरुण डॉक्टर स्टेशन वॅगनमधून सहलीला निघाले होते. पुढे एक बस चालली होती. तिला मागे टाकण्याच्या प्रयत्नात गाडीवरचा ताबा सुटला आणि गाडी उलटली.

जखमींमध्ये मेरी वर्गीस होती. वय २८. चेहऱ्यावर खोल जखम, आणि त्याहून वाईट म्हणजे पाठीच्या कण्याला मार. ज्या हॉस्पिटलात काल ती रुग्णांच्या खाटांमधून फिरत होती, तिथेच तिला रुग्ण म्हणून आणलं गेलं. चेहऱ्याची जखम भरली, गालावर व्रण राहिला. पण कमरेखाली काहीच हलेना. टोचलेलं कळेना. चिमटा काढला तरी पाय आपला नाही असंच वाटावं!

तिला खोटं सांगून चालण्यासारखं नव्हतं. ती स्वतः डॉक्टर होती. मज्जारज्जू एकदा तुटला की तो जुळत नाही, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं.

कोचीनची मुलगी

मेरी मूळची कोचीनची. १९२५ साली एका सधन सीरियन ख्रिश्चन घरात तिचा जन्म झाला. केरळातला हा समाज आपली परंपरा थेट संत थॉमसपर्यंत नेतो. इसवी सन ५२ मध्ये येशूचा हा शिष्य मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, अशी त्यांची श्रद्धा आहे. इंग्रज येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून इथं असलेली ही मंडळी. त्यांच्या घरात प्रार्थना ही सकाळच्या आंघोळीइतकीच नित्याची. मेरीचा विश्वास असा घरातूनच आलेला होता. तो कधी कसाला लागला नव्हता, इतकंच.

डॉक्टर व्हायचं म्हणून ती वेल्लोरला आली. या कॉलेजची जन्मकथा दक्षिणेत घरोघरी सांगितली जाते. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी तरुणपणी वडिलांकडे तमिळनाडूत आली होती. इथं राहण्याचा तिचा मुळीच विचार नव्हता. एका रात्री तीन वेगवेगळे पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. ‘तुम्ही चला,’ असं त्यांनी आयडाला विनवलं. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर होते तिचे वडील, पण परक्या पुरुषाला बायकोजवळ जाऊ द्यायला तिघंही तयार नव्हते. सकाळी तिन्ही बायका गेल्याचं कळलं. आयडा अमेरिकेला गेली, १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरकीची पदवी घेतली आणि परत आली. १९१८ मध्ये तिनं वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलांना तिथं प्रवेश मिळाला तो १९४७ पासून.

अशा ठिकाणी शिकलेल्या मेरीला स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं होतं, यात नवल नाही. बाळंतपणाचं काम हेच त्या संस्थेचं मूळ. पण बाळंतपण करणारी डॉक्टर तासन्‌तास पायांवर उभी असते. रात्री-अपरात्री जिने चढते, धावते. आता ते सगळं संपलं होतं.

कॉलेजच्या बोधवाक्याचा अर्थ असा, की आपण सेवा करून घ्यायला नव्हे, तर सेवा करायला आलो आहोत. येशूच्याच शब्दांवरून ते घेतलेलं आहे. हे बोधवाक्य डोळ्यांपुढं ठेवून शिकलेल्या मुलीला आता कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. दु:ख केवळ पाय गेल्याचं नव्हतं. सेवा करणाऱ्यांच्या रांगेतून उठून ती सेवा घेणाऱ्यांच्या रांगेत येऊन पडली होती!

कुणाचं पाप?

अशा वेळी माणूस देवाला जाब विचारतो. श्रद्धाळू माणूस तर जास्तच विचारतो, कारण त्याचं देवाशी बोलणं असतं. मेरीच्या मनातही ही तगमग झाली. तिच्या चरित्रात ती दडवलेली नाही. प्रार्थना केली, तिला लगेच उत्तर मिळालं आणि ती हसतमुखानं कामाला लागली, असं काही घडलं नाही. महिने गेले. शस्त्रक्रिया झाल्या. आज बरं वाटलं तर उद्या पुन्हा अंधार, असे ते दिवस होते.

आपल्याकडे अपंगत्व आलं की आसपासची माणसं हळूच हिशोब मांडू लागतात. मागच्या जन्मीचं असेल, कुणाचा तळतळाट असेल. ही सवय कुठल्या एका धर्माची नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची एक गोष्ट आहे. त्याला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, याचं पाप की याच्या आईबापांचं? येशूनं सांगितलं, दोघांचंही नाही. दोन हजार वर्षं ही गोष्ट चर्चमध्ये वाचली जाते, तरी आजाऱ्याच्या खाटेशी बसून तोच प्रश्न कुजबुजणारी माणसं कमी झालेली नाहीत. कुष्ठरोग्यांना तर हा प्रश्न जगभर विचारला गेला. आणि मेरीची पुढची वाट नेमकी त्यांच्याच दारावरून जाणार होती.

त्या काळी कण्याची दुखापत म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत दगावले. ते दुखापतीनं मेले नाहीत. पाठीला आणि ढुंगणाला पडलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांनी त्यांचा जीव घेतला. जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथं हे चित्र पालटायला सुरुवात केली. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, लघवीची स्वच्छता काटेकोर पाळायची आणि त्याला काम द्यायचं, खेळ खेळायला लावायचा. अपंगांच्या ऑलिंपिकचा उगम याच हॉस्पिटलच्या अंगणात आहे.

भारतात १९५४ मध्ये हे शास्त्र नुकतं कुठं रांगत होतं. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानं निंबकर घराण्यात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं. हाजी अलीजवळची पुनर्वसनाची केंद्रीय संस्था उभी राहिली ती १९५५ मध्ये, म्हणजे मेरीच्या अपघातानंतर. वेल्लोरला मेंदू आणि मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया करणारा विभाग होता. माँट्रियलला शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेला तो देशातला पहिला विभाग. पण शस्त्रक्रियेनंतर माणसानं जगायचं कसं, हे शिकवणारं तिथंही कुणी नव्हतं.

गवंडीकाम शिकलेला सर्जन

मेरीच्या खाटेशी वारंवार येणाऱ्यांत एक होते डॉ. पॉल ब्रँड. तोवर चाळिशीला आलेले. यांची हकीगतही ऐकण्यासारखी आहे.

ब्रँड जन्मले १९१४ मध्ये, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. आईवडील मिशनरी. वडील डोंगरातल्या लोकांना जमेल तशी औषधं देत, जखमा धूत. लहानग्या पॉलला ते रक्त, तो पू पाहून शिसारी येई. एकदा तीन अनोळखी माणसं दारात आली. वडिलांनी, एरवी कधी घालत नसत ते, हातमोजे घातले आणि त्यांच्या पायांना मलमपट्टी केली. ती माणसं बसली होती त्या जागेवर पाऊल टाकायचं नाही, अशी मुलांना ताकीद मिळाली. ते कुष्ठरोगी होते. मुलाच्या मनावर ते चित्र कोरलं गेलं.

नऊ वर्षांच्या पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९२९ मध्ये वडील भारतातच तापानं गेले. मोठेपणी डॉक्टर व्हायचं नाही, हे पॉलनं ठरवून टाकलं होतं. तो बांधकाम शिकला. सुतारकाम, गवंडीकाम, सगळं. मिशनचं काम करायचं तर शाळा-दवाखाने बांधून करू, असा विचार. पण मिशनरी होणाऱ्यांसाठी असलेल्या वैद्यकाच्या छोट्या अभ्यासक्रमात त्याची गोडी लागली आणि पठ्ठ्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. शस्त्रक्रियेचं शिक्षण झालं ते जर्मन बॉम्बफेकीच्या दिवसांत. ढिगाऱ्यांखालून काढलेल्या माणसांचे हातपाय जोडत जोडत हा तरुण सर्जन तयार झाला. १९४६ मध्ये तो वेल्लोरला आला.

दुसऱ्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात फिरताना त्यानं एका रुग्णाचा आखडलेला पंजा हातात घेतला आणि म्हटलं, दाब बघू माझा हात. रुग्णानं असा काही दाबला की ब्रँड कळवळले! नखं रुतली. बोटं वाकडी, बधिर, निरुपयोगी म्हणून सोडून दिलेली, आणि त्यांत एवढी ताकद? म्हणजे हाताचे सगळे स्नायू मेलेले नाहीत. काही शाबूत आहेत. मग त्यांतलाच एखादा बळकट स्नायू मेलेल्याच्या जागी कामाला लावता येणार नाही का?

इथून त्यांच्या हातून जे काम झालं, त्यानं कुष्ठरोगाकडे पाहण्याची नजरच बदलली. तोवर समज असा, की या रोगात बोटं सडून झडतात. ब्रँड यांनी ते खोडून काढलं. रोग मज्जातंतू मारतो, वेदना नाहीशी करतो. मग माणूस तापलेलं भांडं हातानं उचलतो, पायातला खिळा न कळता मैलभर चालतो, जखमेवर जखम होते आणि बोट हळूहळू झिजतं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून कमी होत. असं कसं? पाळत ठेवली तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती! मग घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर औषधांशिवाय एक मांजरही देण्याची पद्धत पडली.

वेदना ही देवाची देणगी आहे, असं ब्रँड पुढं आयुष्यभर सांगत राहिले. हे बोलणं वरवर विचित्र वाटेल. पण त्यामागं एक रात्र आहे. लांबच्या प्रवासानंतर इंग्लंडमधल्या एका खोलीत मोजे काढताना त्यांना जाणवलं, की एका टाचेत काहीच कळत नाही. सुई टोचून पाहिली. काही नाही. इतकी वर्षं कुष्ठरोग्यांत वावरलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. ती रात्र त्यांनी तळमळत काढली. घरच्यांपासून दूर राहण्याचे बेतही मनात झाले. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि जीव खाऊन ओरडावं अशी कळ आली. प्रवासात फार वेळ अवघडून बसल्यानं तात्पुरती बधिरता आली होती, एवढंच! त्या कळीबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

वाचकांच्या लक्षात आलं असेल. मेरीच्या कमरेखालीही वेदना नव्हती. कुष्ठरोग्याच्या पंजाचं आणि तिच्या पायांचं दुखणं एका जातीचं होतं. त्याला निखारा कळत नाही, तिला पाठीखालची सुरकुतलेली चादर कळत नाही. दोघांच्याही जखमा न दुखता वाढतात.

बसून करता येईल असं काम

ब्रँड यांनी मेरीला जे सुचवलं ते साधं होतं, आणि कुणाला सुचलं नव्हतं. पोटाची शस्त्रक्रिया उभ्यानं करावी लागते. बाळंतपण उभ्यानं. पण हाताची शस्त्रक्रिया? ती तर सगळे सर्जन बसूनच करतात! रुग्णाचा हात बाजूच्या छोट्या टेबलावर पसरलेला, दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलेलं आणि सर्जन समोर बसलेला. खुर्चीला चार पाय असोत की दोन चाकं, हाताला काय फरक पडतो?

मेरीचा आधी विश्वास बसेना. पण ती तयार झाली. आधी बसायला शिकायचं होतं. कमरेखाली भान नसलेल्या माणसाला तोल सावरून बसणं हीच मोठी विद्या असते. मग हात बळकट करायचे. मग स्वतःच्या खोलीतून थिएटरपर्यंत यायचं. आणि मग तासन्‌तास चालणारं, नाजूक काम.

हे काम कसलं, ते थोडक्यात सांगायला हवं. पंजाच्या आतले छोटे स्नायू मेल्यामुळे बोटं नखांकडून आत वळलेली असतात. सर्जन कोपराखालचा एक निरोगी स्नायू निवडतो. त्याच्या टोकाला पायातून काढलेला कंडरेचा तुकडा जोडतो. हा तुकडा चार शेपटांत चिरायचा आणि प्रत्येक शेपूट पंजातून एकेका बोटापर्यंत नेऊन शिवायचं. ताण सगळीकडे सारखा हवा. एक शेपूट सैल राहिलं तर ते बोट उठणार नाही, जास्त ताणलं तर वाकणार नाही. ब्रँड यांनी घडवलेल्या या पद्धतीत विणकाम करणाऱ्या बाईची चिकाटी लागते. नंतर तीनेक आठवडे प्लॅस्टर. आणि त्यानंतर खरी गंमत. जो स्नायू जन्मभर मनगट वर उचलायचं काम करत होता, त्याला आता बोटं हलवायची आहेत, हे मेंदूला शिकवायचं. रुग्ण डोळे विस्फारून आपल्याच हाताकडे पाहत बसतो.

डॉ. मेरी या कामात तयार झाल्या. वेल्लोरला आणि जवळच १९५५ मध्ये सुरू झालेल्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रात त्यांनी हातांच्या शस्त्रक्रिया केल्या. वेल्लोरच्या प्रथेप्रमाणे शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होई. त्यानंतर सुरी.

रुग्णांनी काय पाहिलं असेल? गावानं वेशीबाहेर घातलेला, आपलं तोंड लपवून फिरणारा माणूस. त्याच्यासमोर डॉक्टरीणबाई येतात त्या चाकांच्या खुर्चीत, गालावर व्रण घेऊन. त्यांना चालता येत नाही, आपल्याला येतं! ब्रँड यांनी लिहून ठेवलं आहे, की या दर्शनानं जो धीर मिळे, तो धडधाकट डॉक्टरांच्या उपदेशानं कधी मिळाला नाही.

अशा कथा सांगताना आपल्याकडे एक खोड असते. अपंग माणसानं काही केलं की त्याला देवत्व देऊन मोकळं व्हायचं. म्हणजे मग जिन्यांशेजारी उतार बांधायला नको, शौचालयाचं दार रुंद करायला नको. डॉ. मेरी थिएटरपर्यंत पोचल्या त्या जिद्दीनं, हे खरंच. पण त्यांना उचलणारे, ढकलणारे, त्यांच्यासाठी वेळापत्रक बदलणारे सहकारी नसते, तर ती जिद्द खाटेवरच राहिली असती.

पर्थ आणि न्यूयॉर्क

एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी पुरेशी होती. पण डॉ. मेरींना एक गोष्ट खुपत होती. ब्रँड यांचा सुरुवातीचा एक अनुभव आहे. हात सुधारून घरी गेलेला एक तरुण निराश होऊन परत आला. म्हणाला, हे हात वाईट आहेत. भीक मागायला वाईट! वाकडी बोटं पाहून लोक पैसे टाकत. आता ती सरळ झाली, तर भीक मिळेना. आणि चेहऱ्यावर रोगाची खूण आहे म्हणून काम कुणी देईना, राहायला जागा देईना. तेव्हा ब्रँड यांचं सुतारकाम उपयोगी आलं. १९५१ मध्ये ‘न्यू लाइफ सेंटर’ नावाची छोटी वस्ती उभी राहिली, तिथं रुग्ण लाकडी खेळणी बनवायला शिकू लागले. बधिर हातांनी पटाशी कशी धरायची, हे शिकवायला गवंड्याच्या हाताखाली राबलेला सर्जन होता!

म्हणजे शस्त्रक्रिया हा अर्धाच इलाज. हात दिला, पण हाताला काम नाही. कणा सांधला, पण घरात वावरता येत नाही. हा उरलेला अर्धा भाग म्हणजेच पुनर्वसन.

डॉ. मेरी आधी गेल्या ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिथं कण्याला इजा झालेल्यांसाठी १९५४ पासून खास विभाग चालत होता. इथं त्या रुग्ण म्हणून शिकल्या. दंडांच्या बळावर खाटेवरून खुर्चीत यायचं, खुर्चीतून मोटारीत. कपडे स्वतः घालायचे. आरसा धरून रोज स्वतःची पाठ आणि पाय तपासायचे, कुठं लाल डाग पडलाय का ते पाहायला, कारण त्वचा स्वतः होऊन सांगणार नाही. घरच्यांनी आणि नर्सनी इतकी वर्षं जे मायेनं केलं होतं, ते आता स्वतः करायचं. चाळिशीकडे झुकलेल्या डॉक्टरीणबाईंना लहान मुलासारखं सदरा घालण्यापासून शिकावं लागलं, आणि त्यातून मोकळेपण आलं.

मग न्यूयॉर्क. डॉ. हॉवर्ड रस्क हे अमेरिकेतले पुनर्वसनशास्त्राचे जनक मानले जातात. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांना हॉस्पिटलात नुसतं पडून राहिलेलं पाहून त्यांनी हा विषय हाती घेतला होता. त्यांच्या संस्थेत डॉ. मेरी फेलोशिपवर शिकायला गेल्या. इथं त्या पुन्हा डॉक्टर होत्या. रुग्णाभोवती एकटा डॉक्टर नाही, तर पाच-सहा जणांचा ताफा. कुणी स्नायू बळकट करणारं, कुणी स्वयंपाक-कपडे-लेखन शिकवणारं, कुणी कृत्रिम अवयव बनवणारं, कुणी घरच्यांशी बोलणारं, कुणी नोकरी पाहणारं. असं काम पाहायला जगभरातून डॉक्टर तिथं येत.

परदेशी शिकायला गेलेला डॉक्टर परत येतो की नाही, ही आपल्या घराघरांतली जुनी चर्चा आहे. डॉलर, संशोधनाची सोय, मुलांच्या शाळा, अशी कारणं नेहमीची. डॉ. मेरींच्या बाबतीत कारण त्याहून साधं असतं. अपंग माणसाला वावरता येईल अशी व्यवस्था तिथं होती, त्यांच्या भारतात नव्हती. आपल्या शरीराला जिथं सगळ्यात कमी त्रास, ती जागा सोडून जिथं प्रत्येक उंबरठा पहाडासारखा, तिथं परत यायचं होतं. शिवाय जे शिकल्या त्यासाठी इथं खाटासुद्धा नव्हत्या. आणि हातांची सर्जन म्हणून कमावलेली जागा मागे सोडायची होती.

त्या परत आल्या.

वेल्लोरचा वॉर्ड

१९६३ मध्ये वेल्लोरच्या फिजिकल मेडिसिन आणि पुनर्वसन विभागाची सूत्रं डॉ. मेरींकडे आली. १९६६ मध्ये रुग्णांना राहून शिकता येईल अशी स्वतंत्र संस्था कॉलेजच्या परिसरात, बागायम इथं उभी राहिली. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली, रुग्णांना दाखल करून घेणारी अशी संस्था भारतात तोवर नव्हती.

इथं कोण येतं? नारळाच्या, ताडाच्या झाडावरून पडलेला. विहिरीत कोसळलेला. मोटारसायकलवरून फेकला गेलेला. बहुतेक कमावत्या वयाचे पुरुष. मागे घर उघड्यावर. न्यूयॉर्कचा धडा अशांच्या कामी यायचा तर तो जसाच्या तसा चालणारा नव्हता. तिथं स्वयंपाकाचा ओटा खुर्चीच्या उंचीला आणता येतो. इथं चूल जमिनीवर, झोपणं जमिनीवर, आणि शौचाला शेतात. गुळगुळीत फरशीवर पळणारी खुर्ची पावसाळ्यात गावच्या गल्लीत रुतून बसते. म्हणून जमिनीलगत सरकता कसं येईल, शेजारी बसून काय विकता येईल, शिवण जमेल की कोंबड्या पाळता येतील, हे प्रश्न औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात. रुग्णाबरोबर घरातलं माणूस राहतं आणि तेही शिकतं.

आणि शिकवणारी डॉक्टरच खुर्चीत! ‘तुम्हाला काय कळणार, बाई’ असं म्हणायची सोय रुग्णाला राहिली नाही.

महाराष्ट्रात याच सुमारास याच जातीचं काम चाललं होतं. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरी शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे दुरुस्त करू लागले होते. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहत होतं. एक पारशी सर्जन, एक गांधीवादी वकील, एक सीरियन ख्रिश्चन डॉक्टरीण. प्रत्येकाची वाट वेगळी, देवाशी नातंही वेगळं. पोचले मात्र त्याच माणसांपाशी.

डॉ. मेरींवरचं ‘टेक माय हँड्स’ हे चरित्र अमेरिकन लेखिका डोरोथी क्लार्क विल्सन यांनी लिहिलं. ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे नव्या विभागाचं काम जेमतेम सुरू होत होतं तेव्हा. पुढचं खरं काम त्यात यायचंच होतं. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेला, लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेले. ते २००३ मध्ये वारले. डॉ. मेरी त्याआधी, १९८६ मध्ये गेल्या. अपघातानंतर ३२ वर्षं त्या जगल्या. १९५४ च्या भारतात अशा दुखापतीनंतर एवढं आयुष्य मिळेल, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं.

कुष्ठरोगावर आता खात्रीचं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८२ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधांनी रोग पूर्ण बरा होतो आणि वेळेवर घेतली तर हात वाकडा व्हायची पाळीच येत नाही. मज्जारज्जूचं तसं नाही. तुटलेला मज्जारज्जू जोडणारं औषध अजून निघालेलं नाही. त्यामुळे कमरेखालचं भान गेलेल्या माणसाचा पहिला धडा आजही तोच आहे, जो डॉ. मेरी गिरवत होत्या. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना तळहात टेकायचे, कोपरं ताठ करायची आणि बूड वर उचलून धरायचं. आकडे मोजायचे. खाली बसायचं. थोड्या वेळानं पुन्हा. जागेपणी दिवसभर, आणि उद्याही.